होडी वर यायला हवी : न्यू जर्सी ते कनेक्टिकट, चार दिवस

माझी सगळी नोकरी माझगाव डॉकात झाली, वेल्डर म्हणून. 'शाल्की' ही आपल्याकडे बांधलेली पहिली पाणबुडी. ७ फेब्रुवारी १९९२ ला ती नौदलात दाखल झाली, तेव्हा आम्ही डॉकवाले घरची मुलगी सासरी निघाल्यासारखे उभे होतो. तिच्या हलचे, म्हणजे बाहेरच्या कवचाचे, काही जोड माझ्या हातचे. म्हणून यंदा ऑक्टोबरात आम्ही दोघं लेकीकडे एडिसनला गेलो आणि जावयाने विचारलं, "बाबा, आधी नायगारा की वॉशिंग्टन?", तेव्हा मी म्हटलं, "आधी पॅटरसन."

पॅटरसन एडिसनहून तासाभरावर आहे. फिरायला म्हणून तिकडे आपलं कोणी जात नाही. पण अमेरिका, इंग्लंड आणि जपान या तिन्ही नौदलांच्या पहिल्या पाणबुड्या ज्याच्या डोक्यातून निघाल्या तो माणूस याच गावात शाळामास्तर होता. जॉन फिलिप हॉलंड. डॉकात शिकाऊ असताना एका जुन्या फोरमनच्या तोंडून हे नाव ऐकलं होतं, तेव्हापासून मनात होतं.

पहिला दिवस, शुक्रवार : पॅटरसन

आदल्या रात्री पाऊस झाला होता, त्यामुळे पॅसेइक नदीचा धबधबा भरून कोसळत होता. उंची साधारण २३ मीटर. पुलावर उभं राहिलं की तुषारांनी चष्मा भिजतो. आपल्याकडे धबधबा बघायला घाट चढावा लागतो, इथे तो भर गावात, जुन्या गिरण्यांच्या भिंतींना लागून आहे. याच पाण्याच्या जोरावर १७९२ पासून इथे गिरण्या उभ्या राहिल्या. पुढे रेशमासाठी गाव इतकं गाजलं की त्याला 'सिल्क सिटी' म्हणू लागले. उंच विटांच्या भिंती, बंद पडलेल्या खिडक्या, ओल धरलेले कोपरे. मी लालबागचा. ही म्हणाली, "अहो, हे तर आपलं गिरणगावच." मला काही बोलवेना.

पॅटरसन म्युझियम पायी जाण्याच्या अंतरावर आहे, पूर्वीच्या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात. छत उंच, उजेड भरपूर. आत शिरल्यावर थोड्याच वेळात त्या दोघी दिसल्या.

धाकटी आधी. हॉलंडची पहिली होडी, १८७८ ची. लांबी जेमतेम साडेचार मीटर. एक माणूस आत बसणार, तोही गुडघे पोटाशी घेऊन. तिचं पेट्रोलियम इंजिन ऐनवेळी चालेना. तेव्हा हॉलंडने शेजारून चाललेल्या वाफेच्या लाँचमधून नळी आणली आणि त्या वाफेवर इंजिन फिरवलं. पाहिजे तेवढं शिकून झाल्यावर त्याने आतलं सामान काढून घेतलं आणि होडी याच नदीत बुडवून टाकली. पन्नासएक वर्षं ती गाळात पडून होती. १९२७ मध्ये गावातल्या तरुण पोरांनी ती वर काढली. आता ती गंजून पातळ झालेली आहे, पण आकार शाबूत आहे.

थोरली म्हणजे 'फेनियन रॅम'. १८८१ ची, नऊ मीटरच्या वर लांब, १९ टनांची, तीन माणसांची. हिच्यापुढे मी किती वेळ उभा होतो ते मला आठवत नाही, नातवाने दोनदा हात ओढला एवढं आठवतं. दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये फुगीर, वर बुटकी कोठी. आमच्या वेळी प्लेट आधी तापवायची, मग वेल्ड मारायचा, मग प्रत्येक जोडाचा एक्स-रे काढायचा. केसाएवढी भेग दिसली तरी जोड खरवडून पुन्हा भरायचा. इथे नुसते रिवेट. प्लेटवर प्लेट चढवून तांबडा तापलेला रिवेट आत घालायचा आणि हातोड्याने ठोकायचा. रिवेटांच्या ओळी मी डोळ्यांनी मोजत गेलो. ज्याने त्या ठोकल्या त्याचा हात पक्का होता.

तिथे एक आजोबा स्वयंसेवक होते, ऐंशीच्या घरातले. मी कुठून आलो, काय काम करायचो हे जावयाने सांगितल्यावर ते खुर्चीतून उठलेच. हात हातात घेऊन म्हणाले की वेल्डर माणूस ही होडी बघायला इतक्या लांबून आलेला त्यांनी पहिल्यांदाच बघितला. मग त्यांनी पुढचा तासभर आम्हाला दिला.

हॉलंड आयर्लंडचा. १८४१ मध्ये लिस्कॅनरला, समुद्रकाठी जन्मला. लहानपण दुष्काळात गेलं. नजर अधू. ख्रिश्चन ब्रदर्स या धर्मसंघात राहून शिकवायचा, १८७३ मध्ये अमेरिकेत आला. बॉस्टनला बर्फावरून घसरून पाय मोडला, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने पाणबुडीचे जुने आराखडे पुन्हा काढले. १८७५ मध्ये ते अमेरिकी नौदलाला पाठवले, त्यांनी नाकारले. मग पैसे दिले फेनियनांनी, म्हणजे इंग्रजांना आयर्लंडमधून हाकलायला निघालेल्या, अमेरिकेत राहणाऱ्या आयरिश मंडळींनी. लोकांनी जमवलेल्या वर्गणीतून ही होडी उभी राहिली. 'फेनियन रॅम' हे नाव मात्र एका न्यूयॉर्कच्या वार्ताहराने दिलं.

पुढची हकीकत सांगताना आजोबांचा आवाज खाली आला. पैशांवरून संघटनेत भांडण लागलं आणि १८८३ च्या नोव्हेंबरात फेनियनांनी रात्रीत आपलीच होडी चोरली. टगबोटीला बांधून ती न्यू हेवनला नेली. सोबत एक लहान होडीही बांधली होती, ती वाटेतच बुडाली. चोरून नेलेली होडी चालवायला मात्र कोणाला येईना, आणि हॉलंडने तिच्याकडे पुन्हा वळून बघितलं नाही.

मी विचारलं, "हिच्यात नवीन काय होतं?" मला उत्तर ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यांनी खिशातलं पेन आडवं धरलं आणि टोक खाली करून पुढे सरकवलं. माशासारखं. आधीचे लोक होडी जड करून दगडासारखी खाली सोडायचे. मग टाकीतलं पाणी उपसून वर आणायची धडपड. हॉलंड टाक्या पूर्ण भरायचा, म्हणजे आत पाणी हिंदकळून तोल जायला नको. पण एवढं पाणी भरूनही होडी समुद्राच्या पाण्यापेक्षा किंचित हलकीच राहील असा हिशेब ठेवायचा. खाली नेणार ती मागची आडवी सुकाणी आणि पंख्याचा जोर. इंजिन बंद पडलं तर? होडी आपोआप वर येणार.

हे वाक्य मी डॉकात फोरमनकडून ऐकलं होतं. खाली जाणं कोणालाही जमतं, होडी वर यायला हवी.

*जाणाऱ्यांसाठी : धबधब्याजवळ गाडी लावायला जागा मिळते. धबधबा सकाळी बघा, म्हणजे म्युझियमला घाई होत नाही. पावसानंतर पुलाकडची वाट निसरडी असते, चांगले बूट हवेत.*

जेवायला दक्षिण पॅटरसनला गेलो. तिथली मेन स्ट्रीट अरबी दुकानांनी भरलेली आहे. भट्टीतून निघालेली गरम रोटी, वर झातर मसाला आणि ऑलिव्ह तेल, सोबत फलाफल. हिला शाकाहारी मिळाल्याचा आनंद. शेवटी कुनाफा मागवला, वरून शेवयांसारखा कुरकुरीत, आत वितळलेलं चीज, त्यावर पाक. हिने दुसऱ्या घासालाच ठरवलं की घरी खरवसावर शेवया परतून करून बघायच्या.

परतताना टोटोवाच्या होली सेपल्कर दफनभूमीत थांबलो. हॉलंड तिथे आहे. नातवाने वाटेत वेचलेलं मेपलचं लाल पान ठेवलं. मी चपला काढल्या, तेवढंच.

दुसरा दिवस, शनिवार : सी गर्ट

सकाळपासून वारा. थालीपीठं आणि लसणाची चटणी बांधून निघालो. सी गर्टचं म्युझियम नॅशनल गार्डच्या तळाच्या आवारात आहे, त्यामुळे फाटकावर ओळखपत्र दाखवावं लागतं. *पाहुण्यांनी पासपोर्ट जवळ ठेवावा.*

इथे आहे 'इंटेलिजंट व्हेल'. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळात, १८६३ च्या सुमारास हिचं काम सुरू झालं. पोट मोठं, साधारण नऊ मीटर लांब, नावाप्रमाणेच देवमाशासारखी. इंजिन नाही. माणसांनी आत बसून दांडा फिरवायचा, तो पंखा फिरवणार. पण माझं लक्ष होतं तळातल्या दारावर.

पाणबुडीच्या तळाला दार, आणि ते पाण्याखाली उघडायचं! नातू घाबरलाच. त्याला समजावायला गाडीतून पाण्याची बाटली आणि स्टीलचा पेला आणला. कडेच्या बाकावर डब्याच्या झाकणात पाणी ओतून पेला पालथा दाबला. आत हवा कोंडलेली असेपर्यंत पाणी पेल्यात चढत नाही. होडीतही तेच. आतल्या हवेचा दाब बाहेरच्या पाण्याइतका वाढवला की दार उघडलं तरी पाणी उंबऱ्याशी थांबतं. माझी आजी हंडा पालथा करून विहिरीत पोरांना हेच दाखवायची, तेही आठवलं.

१८६६ मध्ये जनरल थॉमस स्वीनी दोन सोबत्यांसह हिच्यात बसला. होडी खाली नेली, एक पाणबुड्या माणूस तळातून बाहेर पडला, त्याने वर उभ्या जुन्या पडावाच्या बुडाला सुरुंग लावला, परत आत आला, होडी दूर गेली आणि दोरी ओढून पडाव उडवला. सगळे सुखरूप वर आले. हा स्वीनी आयरिश, एक हात युद्धात गमावलेला, आणि त्याच वर्षी कॅनडावर चालून गेलेल्या फेनियनांचा सेनापती! कालच्या पॅटरसनच्या गोष्टीचा धागा इथे असा हातात येईल असं वाटलं नव्हतं.

नौदलाने १८७२ मध्ये हिची चाचणी घेतली, ती फसली, आणि होडी कायमची बाजूला पडली. हिने पुष्कळ बळी घेतल्याच्या कथा सांगतात, त्या मी इथे उगाळत नाही. खरोखर बुडालेली होडी म्हणजे त्याच यादवी युद्धातली, दक्षिणेकडच्या राज्यांची 'हनली'. तिने १७ फेब्रुवारी १८६४ ला चार्ल्स्टनजवळ 'हूसाटॉनिक' हे जहाज बुडवलं, पण तिचे आठही जण परतले नाहीत. त्याआधी सरावातच ती दोनदा बुडाली होती आणि १३ माणसं गेली होती. आमच्या डॉकात एखाद्या जोडाचा एक्स-रे नापास झाला की काही पोरं कुरकुरायची. त्यांना हे आकडे सांगायला हवे होते.

थालीपीठं समुद्राकडे तोंड करून खाल्ली. वाऱ्याने कागदी ताटली उडून गेली, नातू तिच्यामागे धावला.

परतताना अटलांटिक हायलँड्सला वळलो. तिथे बघायला होडी नाही, पण खाडी आहे. १८९४ मध्ये न्यू जर्सीच्याच सायमन लेकने तिथे 'आर्गोनॉट ज्युनियर' नावाची लाकडी पाणबुडी बांधली. पाईनच्या फळ्या, फटी डांबराने बुजवलेल्या, हवेसाठी सोडावॉटरच्या दुकानातली टाकी, आणि तळाला चाकं! ती समुद्राच्या तळावरून गाडीसारखी चालायची. लेकचं म्हणणं हॉलंडच्या उलट होतं. नाक खाली खुपसून बुडी मारणं धोक्याचं, होडीने आडवं राहूनच खाली जावं आणि वर यावं. दोघांचा वाद वर्षानुवर्षं चालला. माझं मत विचाराल तर दोघंही बरोबर होते. आजच्या पाणबुडीत हॉलंडचा आकार आणि लेकचा तोल, दोन्ही आहेत. धुकं उठलं तेव्हा पलीकडे मॅनहॅटनचे मनोरे दिसले.

तिसरा दिवस, रविवार : एसेक्स, कनेक्टिकट

पहाटे निघालो. तीन तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंनी झाडं पिवळी-तांबडी झालेली. ही पूर्ण वाट काचेला नाक लावून बसली होती.

एसेक्स हे कनेक्टिकट नदीवरचं लहानसं गाव आहे. पांढरी लाकडी घरं, धक्क्यावर शिडाच्या होड्या. नदीकाठच्या म्युझियममध्ये 'टर्टल'ची प्रतिकृती आहे. मूळ 'टर्टल' (म्हणजे कासव) १७७५ ची, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली, याच भागातल्या डेव्हिड बुशनेलने बांधलेली. ओकच्या लाकडाची, कासवाच्या दोन पाठी एकमेकींना जोडल्यासारखा आकार, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेला, डांबर फासलेला. उभी धरली तर माणसाच्या उंचीहून थोडी मोठी. आत एकच माणूस. एका हाताने पुढचा पंखा फिरवायचा, दुसऱ्याने सुकाणू सांभाळायचं, पायाने झडप दाबून तळात पाणी घ्यायचं, वर यायचं तर हातपंपाने ते उपसायचं. हवा अर्ध्या तासापुरती. आणि खाली शिसं टांगलेलं. त्यातलं सुमारे ९० किलो आतूनच सोडून देता यायचं, म्हणजे अडचण आली की होडी हलकी होऊन वर. १७७५ मध्येही त्या माणसाने परतीचा विचार आधी केला होता. हे वाचून मी हिला हाक मारून बोलावलं.

सर्वांत नवल पुढेच. आत काळोख, आणि मेणबत्ती लावली तर ती हवा खाते. मग होकायंत्र कसं दिसणार? बुशनेलने त्याच्या काट्यांना चमकणारी बुरशी लावली, कुजक्या लाकडावर वाढते ती. फलक वाचता वाचता मी थांबलो. आमचा सख्खा चुलतभाऊ भीमाशंकरच्या बाजूला वनखात्यात होता. पावसाळ्यात त्याच्याकडे राहिलो असताना रात्री त्याने कंदील विझवून जंगल दाखवलं होतं. पडलेली खोडं, फांद्या, पानं, सगळं हिरवट उजेडाने भरलेलं. तसं एक लाकूड त्याने माझ्या हातावर ठेवलं होतं, त्या उजेडात तळहाताच्या रेषा दिसत होत्या. तसल्याच उजेडात एक माणूस न्यूयॉर्कच्या बंदरात शत्रूच्या जहाजाखाली होकायंत्र वाचत होता.

तो माणूस सार्जंट एझ्रा ली. खरं तर बुशनेलचा भाऊ होडी चालवायला तयार झाला होता, पण ऐनवेळी आजारी पडला. सप्टेंबर १७७६ च्या रात्री ली 'ईगल' या इंग्रजी युद्धनौकेखाली पोचला. तिच्या बुडात स्क्रू फिरवून दारूचं पिंप अडकवायचं होतं. स्क्रू काही शिरेना. उजाडायला लागलं, काठावरच्या शिपायांनी त्याला पाहिलं, तेव्हा त्याने पिंप सोडून दिलं. ते नदीत मोठ्याने फुटलं. कोणाला इजा झाली नाही. ली मात्र जिवंत परत आला. तिथल्या एका बाई हे सांगताना फसलेल्या हल्ल्यापेक्षा त्याच्या परतण्यावर जास्त बोलल्या, ते मला फार आवडलं.

संध्याकाळी चाउडर. शिंपल्यांचं सूप, दुधाळ आणि दाट, बटाटे घातलेलं. मी कोकणातला, तिसऱ्यांचं कालवण खात वाढलेला. पहिला घोट फिका लागला. दुसऱ्या वाटीत घरून आणलेली लसणाची चटणी चिमूटभर टाकली, आणि वाढणारा मुलगा मागे उभा राहून बघत होता तो म्हणाला, "मला पण?" त्यालाही दिली. डब्यातली उरलेली सगळी चटणी त्याच्याकडेच ठेवून आलो.

चौथा दिवस, सोमवार : ग्रोटन

ग्रोटनचं पाणबुडी म्युझियम फुकट आहे. *आम्ही गेलो तेव्हा मंगळवारी बंद असायचं, त्याप्रमाणे बेत आखा. 'नॉटिलस'मध्ये उतरायला अरुंद जिने आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश. मोठी पिशवी नेऊ नका.*

'नॉटिलस' ही अणुशक्तीवर चाललेली पहिली पाणबुडी. ३ ऑगस्ट १९५८ ला ती बर्फाखालून उत्तर ध्रुव ओलांडून गेली. नातू तिच्यात हरखून गेला. मी तिच्यातून लवकर बाहेर आलो आणि हॉलंडच्या सहाव्या होडीच्या माहितीकडे वळलो.

ती न्यू जर्सीतच, एलिझाबेथला बांधली आणि १७ मे १८९७ ला पाण्यात सोडली. लांबी १६ मीटरच्या आसपास. पाण्यावर असताना पेट्रोल इंजिन चालणार आणि त्यावरच बॅटऱ्या भरून घ्यायच्या. पाण्याखाली गेलं की इंजिन बंद, बॅटरीवरची मोटर चालू. समोर एक टॉर्पेडो नळी. पेरिस्कोप नव्हता, दिशा बघायला डॉल्फिनसारखं क्षणभर वर यायचं आणि कोठीच्या काचेतून बघून पुन्हा बुडी. ११ एप्रिल १९०० ला अमेरिकी नौदलाने ती दीड लाख डॉलरला विकत घेतली. २५ वर्षांपूर्वी ज्यांनी आराखडे परत केले होते, त्यांनीच.

वर इंजिन, खाली बॅटरी. शाल्कीची मांडणीही हीच. पेट्रोलऐवजी डिझेल आलं, बाकी पाया तोच. मी जिच्यावर हात फिरवला तिची ही पणजी.

इंग्लंडनेही हॉलंडच्याच आराखड्यावर आपली पहिली पाणबुडी बांधली, २ ऑक्टोबर १९०१ ला ती पाण्यात आली. इंग्रजांची जहाजं बुडवायला म्हणून वर्गणी काढून सुरू झालेलं काम इंग्रजांच्याच गोदीत पोचलं. हॉलंडला त्याचं काय वाटलं असेल ते मला सांगता येणार नाही. त्याची होडी इलेक्ट्रिक बोट या कंपनीच्या हाती गेली होती, तीच कंपनी पुढे ग्रोटनला आली आणि 'नॉटिलस' तिनेच बांधली. १९०४ मध्ये हॉलंड कंपनीतून बाहेर पडला. १२ ऑगस्ट १९१४ ला तो वारला, तेव्हा महायुद्ध नुकतंच पेटलं होतं. पुढच्या महिन्यात, २२ सप्टेंबरला एका जर्मन पाणबुडीने एका सकाळीत तीन इंग्रज क्रूझर बुडवल्या. १,४०० हून जास्त माणसं गेली. हे मी नातवाला सांगितलं नाही. तो मोठा झाल्यावर वाचेल.

बाहेर पडताना दारात दोन लोखंडी कडी उभी आहेत, एकात एक. बाहेरचं ओहायो जातीच्या आजच्या पाणबुडीच्या हलएवढं, साधारण १३ मीटर रुंद. आतलं हॉलंडच्या होडीएवढं, तीन मीटरचं. नातू धावत जाऊन आतल्या कड्याखाली उभा राहिला आणि ओरडला, "आजोबा, फोटो!" जावयाने फोटो काढला. मी बाहेरच्या कड्यापाशी गेलो, हातमोजा काढला आणि जोड कुठे आहे ते बोटांनी शोधू लागलो.